शेवट फुटतो कधी, आणि कोणासाठी?

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सहसा शेवटापासूनच सांगितली जाते. बाबासाहेब आंबेडकर तळ्याचे पाणी प्याले, हे आधी. कोणत्या ठरावाच्या आधारावर, कोणाच्या सोबतीने, कोणत्या परिषदेतून उठून ते तळ्यावर गेले, हे मागाहून. पुष्कळदा तर हे मागाहूनचे सांगायचे राहूनच जाते. दरवर्षी २० मार्चला तळ्याकाठी आणि क्रांतिस्तंभाजवळ जो समुदाय लोटतो, त्यात ‘पुढे काय झाले’ हे ऐकायला आलेला कोणी नसतो. घरात लागणाऱ्या भीमगीतांमुळे तळ्याचा प्रसंग कितीतरी मुलांच्या कानावर शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाआधीच पडलेला असतो. याच काळात, याच राज्यात, नव्या चित्रपटाचा शेवट कोणी दुसऱ्या दिवशी बोलून दाखवला तर अबोला धरण्यापर्यंत वेळ येते. परीक्षण लिहिणारा ‘पुढे स्पॉयलर आहेत’ अशी पाटी आधी लावतो. एकीकडे शेवट सांगितल्यावाचून गोष्ट सुरूच होत नाही, दुसरीकडे शेवट सांगितला की गोष्टच संपली. मग सर्वांना ठाऊक असलेला शेवट ‘फोडला’ हा आरोप केव्हापासून लागू होत नाही? या प्रश्नाला दिली जाणारी बहुतेक उत्तरे काळाच्या हिशेबावर उभी आहेत आणि तिथेच ती फसतात. शेवट किती जुना यापेक्षा गोष्ट कशाच्या आधारावर उभी आहे आणि तो शेवट कोणाच्या हाती आलेला आहे, या दोन गोष्टींवर सारे ठरते, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते पारखायला महाड-पोलादपूरचा परिसर फार सोयीचा, कारण शेवट ठाऊक असलेल्या कितीतरी मराठी गोष्टी या दोन तालुक्यांत घडल्या किंवा इथे येऊन विसावल्या.

सगळ्यांत प्रचलित उत्तर मुदतीचे. मालिकेच्या भागाला एखादा दिवस, चित्रपटाला दोन-तीन आठवडे, पुस्तकाला वर्षभर सवलत द्यावी. त्यानंतर ज्याने पाहिले-वाचले नाही त्याचे तो जाणे. हा नियम व्यवहाराला बरा आहे. त्यात बोलणाऱ्यालाही मोकळीक मिळते आणि ऐकणाऱ्यालाही थोडा अवधी मिळतो. पण तो दोन्ही टोकांना तुटतो. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले आणि करोनाच्या काळातला खंड सोडला तर आजतागायत चालू आहे. खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती प्रयोगाच्या अखेरीला प्रेक्षकांना केली जाते आणि ७० वर्षे उलटून गेली तरी ती विनंती कोणाला हास्यास्पद वाटत नाही. आता दुसरे टोक पाहा. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचे काय झाले हे महाराष्ट्रात ठाऊक नसलेला माणूस विरळा. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला बसलेल्या प्रेक्षकाला शेवट पुरता ठाऊक होता, तरी चित्रपटगृहे भरली आणि माणसे डोळे पुसत बाहेर पडली. एका गोष्टीचा शेवट ७० वर्षांनीही झाकून ठेवायचा आणि दुसरीचा पहिल्याच दिवशी उघडा, हे कोणत्याच मुदतीत बसत नाही. मुदतीचा नियम शेवटाचे वय मोजतो खरा. पण त्याला शोध असतो तो शेवट किती दूर पोचला याचा. वय आणि पोच ही दोन मापे नेहमी जुळतातच असे नाही.

दुसरे उत्तर अभिजाततेचे. रामायण-महाभारत, हॅम्लेट, ‘एकच प्याला’ यांना स्पॉयलर लागू नाही, कारण ती सर्वांची झाली आहेत. या उत्तरात तथ्य आहे, पण ‘सर्वांची’ या शब्दावर फार भार पडतो. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे: ज्या कथांना आपण सर्वज्ञात म्हणतो, त्यादेखील प्रत्यक्षात थोड्यांनाच ठाऊक असतात, आणि तरीही त्या सर्वांना आनंद देतात. म्हणजे ‘सर्वांना ठाऊक आहे’ हा दावा ग्रीकांच्या काळीही अर्धाच खरा होता. तरी गोष्ट चालत होती, कारण ज्याला शेवट ठाऊक आणि ज्याला नाही, अशा दोघांनाही धरून ठेवील असे काही तिच्यात होते. आपल्याकडची कथनाची रीत याच पायावर उभी राहिली. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे समोर बसलेल्या आजीला पाठ असते, तरी स्मशानातल्या प्रसंगाला तिच्या डोळ्यांत पाणी येतेच. शाहीर डफावर थाप मारून आधीच सांगून टाकतो की पोवाडा कोणाचा आणि कशाचा. कोकणातल्या नमनात, दशावतारात रावण किंवा संकासुर मरणार की नाही यावर कोणी पैज लावत नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूचे काय होते हे ठाऊक असूनच लोक बालगंधर्वांची सिंधू पुन्हा पुन्हा पाहायला गेले. या सगळ्यांत प्रेक्षक ‘काय’साठी आलेला नाही, ‘कसे’साठी आला आहे. अभिजातता म्हणजे जुनेपणा नव्हे, ती ही अवस्था आहे: शेवट माहीत असल्याने पाहण्याची गोडी वाढते, कमी होत नाही.

ही वाढ कशी होते ते पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या गोष्टीत जवळून दिसते. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची समाधी इथे आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर काय झाले हे मराठी मुलाला चौथीच्या आत कळलेले असते. हरिभाऊ आपट्यांनी या विषयावर कादंबरी लिहिली तेव्हा तर त्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव देऊन मुखपृष्ठावरच शेवट उघडा केला. आजच्या हिशेबाने हा सरळ-सरळ अपराध. पण या कथेतला सगळ्यांत जड प्रसंग कोणता ते आठवून पाहावे. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या कथेत तानाजी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचे आमंत्रण घेऊन शिवाजी महाराजांकडे जातात आणि मोहिमेचे ऐकून लग्न पुढे ढकलतात. शेवट ठाऊक नसलेल्या श्रोत्याला हा प्रसंग म्हणजे एका शूर माणसाचा मोठेपणा, एवढाच दिसतो. शेवट ठाऊक असलेल्याला दिसते ते वेगळे: हा बाप त्या मांडवात उभा राहणार नाही, आणि हे समोरच्या कोणालाच माहीत नाही, फक्त आपल्याला माहीत आहे. अक्षता, आमंत्रण, हसणे-बोलणे या साऱ्यावर त्या माहितीची छाया पडते. शेवट आधी सांगितला नसता तर हा परिणाम पहिल्या ऐकण्यात साधलाच नसता. सतराव्या शतकातल्या तुळसीदासाच्या पोवाड्यापासून २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटापर्यंत सांगणाऱ्यांनी तपशील हवे तसे बदलले, प्रसंग वाढवले, पण शेवट दडवून ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. ती कथा शेवटाच्या आधारावरच उभी आहे. शेवट काढून घेतला तर लग्नाचा प्रसंग पोकळ होतो.

पोलादपुरातच याच्या उलट टोकाचा दाखला आहे. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपूरला आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच दरबारात मान्यता पावलेल्या कवीने लिहिलेले हे संस्कृत काव्य बत्तिसाव्या अध्यायात अपुरे राहिले. राज्याभिषेकापर्यंत ते पोचतच नाही. ज्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी तो सोहळा झाला तो गड महाड तालुक्यात, पोलादपूरपासून हाकेच्या नाही तरी दिवसाच्या चालीवर. म्हणजे या चरित्रकाव्याला शेवट नाही आणि वाचकाला मात्र शेवट ठाऊक आहे. ‘शिवभारत’ वाचताना अफजलखानाच्या प्रसंगात किंवा पन्हाळ्याच्या वेढ्यात वाचक मनातल्या मनात पुढचा राज्याभिषेक जोडून घेतो आणि कवीने न लिहिलेल्या टोकाच्या उजेडात लिहिलेले वाचतो. शेवट पुस्तकात असतो असे आपण धरून चालतो. ‘शिवभारता’सारखे ग्रंथ दाखवतात की बहुश्रुत कथेचा शेवट पुस्तकाबाहेर, समाजाच्या स्मरणात असतो आणि तिथून तो पुस्तकात उतरतो. असा शेवट कोणी एका माणसाने बोलून फोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरे उत्तर प्रयोगशाळेतून आले. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो केंद्रातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी बारा कथा घेतल्या: काही रहस्यकथा, काही शेवटी कलाटणी देणाऱ्या, काही साध्या साहित्यिक. काही वाचकांना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता त्या वाचायला दिल्या. शेवट ठाऊक असलेल्यांनी कथा एकंदरीत अधिक आवडल्याचे सांगितले. ‘स्पॉयलरने काही बिघडत नाही’ ही बातमी जगभर गेली. पण २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझनबॉम यांच्या अभ्यासात उलटे निघाले. शेवट कळलेल्या कथा वाचकांना कमी रंजक, कमी गुंगवणाऱ्या वाटल्या. दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध गेले म्हणून दोन्ही बाजूंना सारून चालणार नाही. दोघांनीही तपासली ती एकच परिस्थिती: एकटा वाचक, समोर अपरिचित कथा, शेवट सांगणारा परका माणूस. या परिस्थितीत शेवट ही केवळ माहिती असते, आणि माहिती आधी मिळाल्याने कोणाचा भार हलका होतो, कोणाची उत्सुकता मरते. त्यामुळे निकाल दोन्हीकडे झुकू शकतो. उमरठच्या किंवा महाडच्या कथेला मात्र ही मांडणी लागू पडत नाही. तिथे शेवट सांगणारा परका नसतो. आई, शाहीर, शिक्षक, सभेतला वक्ता असतो. आणि ऐकणारा एकटा नसतो, बरोबरच्या हजारांना हे ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असते. ‘मला माहीत आहे’ आणि ‘आपल्याला माहीत आहे’ यांतला हा फरक प्रश्नावलीत पकडला जात नाही. शेवट स्पॉयलर उरत नाही तो या दुसऱ्या वाक्याच्या जागी पोचल्यावर.

आता चवदार तळ्याकडे परत यावे, कारण या सामायिक शेवटाची दुसरी बाजू इथे दिसते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांच्या, म्हणजे सीताराम केशव बोले यांच्या, ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले, पण पाण्याला हात लावायची सोय अस्पृश्यांना नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली तेव्हा परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवले आहे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेची जुळवाजुळव केली होती. परिषद आटोपत आली असताना अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेचा ठराव अमलात आणायला आत्ताच तळ्यावर जाऊ, ही कल्पना मांडली आणि बाबासाहेबांच्या मागून लोक निघाले. पाणी प्याले. आज ज्याला आपण शेवट म्हणतो तो हा. त्या दिवशी मात्र तो शेवट नव्हता. परिषदेचे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली, जेवायला बसलेल्या आणि घरी निघालेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

गोष्ट इथे थांबवली तर ती पराभवाची होते. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळण्यात आली. गोष्ट इथे थांबवली तर ती बंडाची होते. पाण्यासाठी आलेल्या हजारोंपुढे आता मनाई हुकूम मोडायचा की पाळायचा हा पेच होता. २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब झाला आणि मिरवणूक तळ्याला फेरी घालून, पाण्याला न शिवता परत गेली. गोष्ट इथे थांबवली तर ती संयमाची, किंवा काहींच्या मते माघारीची. त्यानंतर खटला वर्षानुवर्षे चालला: खालच्या न्यायालयात, मग ठाण्याच्या अपिलात, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकाळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. गोष्ट इथे थांबवली तर ती कायद्याने जिंकलेल्या हक्काची. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानातल्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, घाट यांच्या वापरावर जातीच्या कारणाने बंधन घालता येणार नाही असे कलम आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे वेगळे सांगायला नको. म्हणजे एका तळ्याच्या गोष्टीला किमान सहा शेवट आहेत. त्यांतला एकच सर्वांच्या मुखी आहे, आणि तो कालक्रमाने सगळ्यांत आधीचा.

इथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. शेवट सर्वांचा झाला की तो स्पॉयलर राहत नाही, हे खरे. पण सर्वांचा होताना समाज शेवट निवडतो. ओंजळभर पाण्याचे ते चित्र निवडले गेले याला कारण आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी आणि पुढे गायक-शाहिरांनी वाड्यावस्त्यांवर नेली ती हीच प्रतिमा. ती गाता येते, चितारता येते, पोराला एका वाक्यात सांगता येते. न्यायालयाच्या निकालाचे गाणे होत नाही. शिवाय बाबासाहेबांनी स्वतःच डिसेंबरच्या भाषणात स्पष्ट केले होते की हे पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नाही, इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचे आहे. घटनेपेक्षा तिचा अर्थ मोठा, हे कथेच्या नायकानेच सांगितल्यावर लोकांनी अर्थाला सगळ्यांत जवळचा प्रसंग शेवट म्हणून उचलला, यात नवल नाही. पण त्याची किंमत अशी की हा ठाऊक शेवट पुढच्या दहा वर्षांच्या आड उभा राहतो. पाणी प्याले, जिंकले, असे ऐकलेल्याला ४ ऑगस्टचा ठराव ठाऊक नसतो. तळ्याला न शिवता परतलेली मिरवणूक ठाऊक नसते. अज्ञात शेवट सांगून टाकल्याने एखादी रहस्यकथा बिघडत असेल. ज्ञात शेवट लवकर येऊन थांबल्याने इतिहासाची कथा बिघडते. हा दुसरा बिघाड आपल्याकडे जास्त आढळतो आणि त्यावर पाटी लावायची पद्धत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एका मानवमुक्तीच्या लढ्याला स्पॉयलरसारखा करमणुकीच्या धंद्यातला शब्द लावणे हलकेपणाचे आहे, आणि मुळात इतिहासाला स्पॉयलर नसतोच. आक्षेपातला पहिला भाग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. म्हणूनच हा शब्द इथे सत्याग्रहाला लावलेला नाही, सत्याग्रह सांगण्याच्या रीतीला लावला आहे. दुसरा भाग मात्र टिकत नाही. घडलेल्या इतिहासाला स्पॉयलर नसेल. सांगितलेल्या इतिहासाला सुरुवात आणि शेवट असतात आणि ते सांगणारा ठरवतो. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात महाड एका दीर्घ आयुष्यातला एक टप्पा आहे. आनंद तेलतुंबडे यांच्या महाडवरच्या २०१६ च्या ग्रंथात महाड हाच विषय आहे आणि दोन्ही परिषदा, मधले महिने, खटला हे सारे सविस्तर येते. घटना तीच, कुठे थांबायचे हे बदलले की गोष्ट बदलते. इतिहास लिहिणाऱ्याने हे नाकारले तर तो आपण केलेली निवडच लपवतो.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. प्रत्येक पिढीत, प्रत्येक दिवशी कोणीतरी नवा माणूस पहिल्यांदा ऐकतो-पाहतो. त्याच्या पहिल्या अनुभवाचा हक्क ‘सर्वांना ठाऊक आहे’ म्हणून हिरावून घ्यायचा का? इथे पुन्हा गोष्ट कशावर उभी आहे हे पाहावे लागते. बाबुराव अर्नाळकरांची झुंजार किंवा काळापहाडची कथा माहिती दडवण्यावर उभी आहे. ती कितीही जुनी झाली तरी पहिल्यांदा वाचणाऱ्याला शेवट न सांगणे हेच सौजन्य. ‘दृश्यम’च्या बाबतीत गंमत अशी की ‘२ ऑक्टोबर’ ही तारीख चित्रपट न पाहिलेल्यांनाही विनोदातून ठाऊक झाली, पण चित्रपटाचे खरे गुपित ती तारीख नव्हेच, त्यामुळे ती कळूनही फारसे काही फुटत नाही. सगळ्यांत अवघड मधले उदाहरण ‘सैराट’चे. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या या चित्रपटाचा शेवट धक्का देतो, आणि तो धक्का नागराज मंजुळे यांनी विचारपूर्वक रचला आहे. पण जातीबाहेरच्या लग्नांवरून होणाऱ्या हिंसेची चर्चा निघाली की तो शेवट संदर्भ म्हणून येऊ लागला, आणि तसा तो येणे योग्यही होते, कारण चित्रपटाला जे म्हणायचे होते ते त्या शेवटातच आहे. अशा ठिकाणी एक साधी कसोटी पुरते: आपल्या बोलण्याला त्या शेवटाची गरज आहे का? गरज असेल तर सांगावा, नसेल तर राखावा. या परिच्छेदातल्या युक्तिवादाला ‘सैराट’चा शेवट काय आहे हे लिहिण्याची गरज नाही, म्हणून तो लिहिलेला नाही, चवदार तळ्याच्या युक्तिवादाला सहाही शेवटांची गरज होती, म्हणून ते सगळे लिहिले. नव्या माणसाचा हक्क मुदतीने संपत नाही, तसा तो साऱ्या चर्चेला कुलूपही लावू शकत नाही.

तिसरा आक्षेप आंबेडकरी चळवळीतल्या जाणत्यांकडूनही येतो: शेवट इतका पाठ झाला की कथेचा विधी होतो, विधीत कोणी प्रश्न विचारत नाही, मग अशा सर्वज्ञात शेवटाचा उपयोग काय? हे म्हणणे मान्य करायला हवे, पण दोष माहितीच्या माथी मारता येत नाही. उमरठच्या कथेत शेवट ठाऊक असल्याने लग्नाचा प्रसंग जड झाला. ठाऊक शेवट आधीच्या प्रसंगांवर प्रकाश टाकतो तेव्हा श्रोता विचार करत असतो. विधी होतो तो शेवटावरच मुक्काम पडला की. उपाय शेवट लपवण्यात नाही. लपवायचा म्हटला तरी तो लपणार नाही. उपाय आहे ठाऊक शेवट पहिल्याच वाक्यात मांडून त्याच्या पलीकडे जाण्यात. महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. फ्रेंच राज्यक्रांतीचा शेवट ऐकणाऱ्यांना ठाऊक होता की नव्हता याला महत्त्व नव्हते. तिच्याकडे बोट दाखवून आपण कुठे उभे आहोत आणि पुढे काय करायचे हे सांगायचे होते. ठाऊक कथेचा असा वापर म्हणजे शेवटाला सुरुवात करून घेणे.

तेव्हा निष्कर्ष असा. एखाद्या गोष्टीचा शेवट स्पॉयलर उरत नाही त्याला दोन अटी आहेत: ती गोष्ट माहिती दडवण्यावर उभी नसावी, आणि तो शेवट ‘आपल्याला ठाऊक आहे’ असे म्हणणाऱ्या समुदायाच्या हाती आलेला असावा. पहिली अट तुटली तर ‘माउसट्रॅप’प्रमाणे ७० वर्षांनीही तोंड मिटावे, दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ‘छावा’प्रमाणे पहिल्या दिवशीही उघड बोलावे. दुसरी अट अर्धीच पुरी झाली, म्हणजे काहींना ठाऊक आणि काहींना नाही, तर समोर कोण आहे ते पाहून आणि गरजेपुरते बोलावे. पण या दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या गोष्टींच्या बाबतीत सांगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, ती बदलते. २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांपुढे उत्कंठा टिकवण्याचा प्रश्न नाही. पाणी प्याले हे सांगून टाकायला हरकत नाही. उत्कंठा आहे ती १४ डिसेंबर १९२७ नंतरच्या तेरा दिवसांत, जेव्हा हुकूम मोडायचा की पाळायचा हे परिषदेला निघालेल्या कोणालाही ठाऊक नव्हते. आणि त्यापुढच्या जवळजवळ दहा वर्षांत, जेव्हा खटल्याचा निकाल कुठे झुकेल याची खात्री वकिलांनाही नव्हती. ही वर्षे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अजून नवी आहेत. तिथे कोणी काही फोडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कोणी सांगितलेच नाही, ही भीती मात्र बाळगायला हवी.